इंग्रज व्यापाऱ्याचा मेहुणा

इंग्रजीची मला आयुष्यात कधी भीती वाटली नाही. उलट मी तोंड उघडलं की इंग्रजीच घाबरून दोन पावलं मागे सरते, असं आमची बायको म्हणते. ती वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे तिला असं बोलायची सवय आहे. मी ते मनावर घेत नाही. दाराच्या बिजागऱ्या आणि कड्या बनवणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं आवक-जावक विभाग एकट्यानं सांभाळणं म्हणजे गंमत नाही महाराज! बाहेरून येणारं प्रत्येक इंग्रजी पत्र आधी माझ्या हाताखालून जातं. 'तुमच्या बिजागऱ्या करकरतात' हे एकच वाक्य मी इंग्रजीत सतरा तऱ्हांनी वाचलेलं आहे, आणि 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत' हे उत्तर एकाच तऱ्हेनं सतराशे वेळा लिहिलेलं आहे.

आता एवढा विद्वान माणूस बसतो कुठे? स्वच्छतागृहाच्या दाराशी! त्या दाराला बिजागऱ्या आमच्याच कारखान्याच्या आहेत. दार उघडलं की 'कर्रर्र', मिटलं की 'क्रीऽऽच'. दिवसातून दोनशे वेळा. आत कोणी असेल तर बाहेरचा माणूस माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकतो, माझ्या फायली चाळतो आणि अवघडलेल्या चेहऱ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारतो. बावीस वर्षांत कोणी माझ्याशी शांत चित्तानं बोललेलं नाही. सगळे घाईत!

म्हणून माझा डोळा होता व्हरांड्याच्या टोकाच्या केबिनवर. प्रशासन अधिकारी निवृत्त झाल्यापासून ती तीन महिने रिकामी होती. तिला एक खिडकी होती, एक फिरती खुर्ची होती, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःचं दार होतं. आवाज न करता मिटणारं दार! मी कधीकधी जेवणाच्या सुट्टीत जाऊन ते नुसतंच उघडमीट करून यायचो.

अशात नवे साहेब आले. ते रुजू झाले त्या आठवड्यात माझे डोळे आले होते, म्हणून मी घरी होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याचं वाटोळं या डोळ्यांनी केलं.

मी परत आलो त्याच दिवशी साहेबांची सभा होती. साहेब देहानं भरदार. खुर्चीत बसले की खुर्ची दिसायची नाही. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हे बघा, आपण आधी लो हँगिंग फ्रूट घेऊ. मग नीडल मूव्ह होईल. सगळे एका पेजवर राहा. आणि कृपा करून ओशन बॉइल करायला जाऊ नका!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. स्टोअरकीपरनं वहीत 'सुया – शिल्लक किती?' असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. टायपिस्ट बाई हसऱ्या चेहऱ्यानं समोर बघत होत्या. परीक्षेत प्रश्नच न कळलेली माणसं अशी हसतात.

सभा संपली आणि सगळा ताफा माझ्या टेबलाभोवती जमला.

"ते फळांचं काय म्हणाले हो?" टायपिस्ट बाईंनी विचारलं.

"सोपं आहे," मी चष्मा पुसत म्हणालो. "जे काम हाताशी आहे, सहज होण्यासारखं आहे, ते आधी उरकायचं. इंग्रजीत त्याला लो हँगिंग फ्रूट म्हणतात."

"पण असं का म्हणतात?"

या ठिकाणी मला 'मला माहीत नाही' असं म्हणता आलं असतं. तीनच शब्द आहेत. पण बावीस वर्षांत ते माझ्या तोंडून एकत्र बाहेर पडले नव्हते, आणि स्टोअरकीपरसमोर तर मुळीच पडणार नव्हते. मी क्षणभर आढ्याकडे बघितलं आणि मला माझा मेहुणा दिसला.

मेहुण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बायकोचा हा धाकटा भाऊ. सहा फूट उंच आहे आणि घरात त्याला छोट्या म्हणतात! कुठल्याशा मुलाखतीसाठी म्हणून आठ दिवसांच्या बोलीवर आमच्याकडे आला, त्याला आता चार महिने होत आले होते. मुलाखतीचं काय झालं हे विचारायची चोरी, कारण विचारलं की बायकोचे डोळे भरून यायचे. तो बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर आडवा असायचा. मी ऑफिसला निघालो की, "भाऊजी, जाताना दार ओढून घ्या," आणि आलो की, "भाऊजी, जरा पंखा वाढवा." त्या दिवशी सकाळीच त्यानं सोफ्यावरून न उठता हात लांबवून टेबलावरची केळी एकामागून एक संपवलेली मी पाहिली होती. हात पोचेल तेवढीच! मागची दोन तशीच राहिली.

"इंग्लंडात एक व्यापारी होता," मी म्हणालो. "त्याची मोठी फळबाग होती. त्याचा मेहुणा त्याच्याकडे राहायला आला. मेहुणा इतका आळशी की बागेत खुर्ची टाकून बसायचा आणि बसल्या जागेवरून हाताला लागतील तेवढीच फळं तोडून खायचा. लोक त्या फळांना लो हँगिंग फ्रूट म्हणायला लागले."

कर्रर्र! दार उघडलं आणि आतून साहेब बाहेर आले.

"इंटरेस्टिंग!" साहेब रुमालानं हात पुसत म्हणाले. "मी वीस वर्षं हे वाक्य वापरतोय, पण मला हे माहीत नव्हतं. तुम्ही असे किती उगम सांगू शकाल?"

"तुम्ही म्हणाल तितके, साहेब!"

त्याच दुपारी हुकूम सुटला. व्हरांड्यात पांढरा फळा लागला. दर सोमवारी एक इंग्रजी वाक्प्रचार, त्याचा अर्थ आणि उगम मी लिहायचा. "तीन महिन्यांनी वर्धापन दिन आहे. मालक येतील," साहेब जाताजाता म्हणाले. "त्या केबिनचा निर्णय त्याच दिवशी घेऊ. तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! घरी येऊन बायकोला सांगितलं, अर्थात फळबागेतला मेहुणा वगळून.

"अहो, पण उगम असे मनानं सांगायचे नसतात," ती म्हणाली. "पुस्तकात बघावे लागतात. आता हे रेड टेप घ्या. पूर्वी सरकारी कागद तांबड्या फितीनं बांधायचे. संपलं, एवढाच त्याचा उगम."

"एवढाच? यात गोष्ट कुठे आहे?"

"गोष्ट नसतेच बऱ्याचदा. कित्येक वाक्प्रचारांचा उगम कुणालाच माहीत नसतो. तिथे मोठमोठे विद्वान सरळ 'उगम अज्ञात' असं लिहून मोकळे होतात. त्यात कमीपणा नाही."

"फळ्यावर 'उगम अज्ञात' लिहून कुणाला केबिन मिळालीय का?"

तिनं कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी वाचनालयातून उशीएवढं जाड पुस्तक घेऊन आली आणि माझ्यासाठी टेबलावर ठेवलं. मी ते उघडणार होतोच. संध्याकाळी बघतो तर छोट्यानं ते डोक्याखाली घेतलेलं! झोपलेल्या माणसाची उशी काढायची नाही, असं बायकोनं खुणेनं बजावलं. तेव्हा विद्येशी माझा संबंध तिथेच संपला.

पण मला पुस्तकाची गरज होती कुठे? माझ्या घरात, माझ्याच सोफ्यावर उगमाचा झरा वाहत होता! दुसऱ्या सोमवारी मी लिहिलं, 'बॅक बर्नरवर ठेवणे. अर्थ: काम लांबणीवर टाकणे. उगम: व्यापाऱ्याच्या बायकोनं भावाला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. त्यानं दूध मागच्या शेगडीवर सरकवलं, म्हणजे उतू गेलेलं दिसायला नको.' हे आमच्याकडे आदल्याच शनिवारी घडलं होतं. तिसऱ्या सोमवारी 'कटिंग कॉर्नर्स'. मेहुण्याला गादीवर चादर घालायला सांगितली, चारातले दोन कोपरे कोण खोचणार म्हणून त्यानं ते कापूनच टाकले. यात थोडी भर माझी होती, कबूल! चौथ्या सोमवारी 'डेडलाइन'. व्यापाऱ्यानं मेहुण्याच्या खुर्चीसमोर खडूनं रेघ ओढली आणि म्हणाला, नोकरी शोधायला या रेघेपलीकडे तू गेलास तर मी आनंदानं मरेन. मेहुणा काही गेला नाही, व्यापारी दीर्घायुषी झाला.

हळूहळू फळ्यासमोर गर्दी वाढायला लागली. सोमवारी सकाळी लोक वेळेवर येऊ लागले! खालच्या पॉलिशमधले, ओतकामातले, जिन्याची पायरी न चढलेले कामगार हात पुसत वर यायचे. वाक्प्रचार कोणी वाचत नसे. अर्थाकडे तर ढुंकून बघत नसत. सगळे थेट उगमावर!

"मेहुणा गेला का हो शेवटी?"

"व्यापारी त्याला हाकलत का नाही?"

"बायको आड येते ना! तिचा भाऊ पडला!"

आणि एक नवल सुरू झालं. लोक माझ्याशी फार आदरानं वागू लागले. कोणी जाताजाता हात दाबायचं, कोणी पाठीवर थाप मारून न बोलताच आत जायचं. टायपिस्ट बाई एकदा हळूच म्हणाल्या, "तुमच्यासारखी छाती पाहिजे बाई! आम्ही नुसतेच मनात म्हणतो."

"त्यात काय एवढं," मी नम्रपणे म्हणालो. "इंग्रजीला घाबरायचं नाही, बस्स."

"इंग्रजीला!" त्या तोंडाला रुमाल लावून हसत सुटल्या.

स्टोअरकीपर तर एक दिवस नवीन फिरती खुर्ची स्वतः ढकलत घेऊन आला. बावीस वर्षांत या माणसानं मला एक टाचणी जास्त दिली नव्हती! "बसा," तो म्हणाला. "पण जपून हो. मानलं तुम्हाला!"

फक्त साहेबांचं काहीतरी बिनसलं होतं. पहिल्या दोन सोमवारी ते हसले. तिसऱ्या सोमवारी नुसतं 'हं' म्हणाले. सहाव्या सोमवारी फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि मागे हसणारी माणसं एकदम पांगली.

"या व्यापाऱ्याला दुसरे कोणी नातेवाईक नाहीत का?" साहेबांनी मला बोलावून विचारलं.

"आहेत ना, साहेब! पण बाकीचे बिचारे कामधंदा करतात."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, रक्तदाब. भरदार माणसांना असतो. मी त्यांना जिना जपून चढायचा सल्लाही दिला.

आणि वर्धापन दिन उजाडला. तोही सोमवार! मालक सपत्नीक येणार, आम्हा सगळ्यांच्या घरच्यांना आमंत्रण, चहा, बिस्किटं, भाषणं. या दिवसासाठी मी माझा सर्वोत्तम उगम राखून ठेवला होता. मागच्याच सभेत साहेब म्हणाले होते, "करकरणाऱ्या बिजागऱ्यांच्या तक्रारी हा आपला एलिफंट इन द रूम आहे. सगळ्यांना दिसतोय, बोलत कोणीच नाही." त्या वेळी सगळे खाली माना घालून का बसले ते मला कळलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, हाच घ्यायचा! शिवाय फळ्याची रोजची शाई पुसट दिसते, म्हणून मी माल पाठवायच्या खोक्यांवर पत्ते लिहितो ते जाड मार्कर घेतला. त्याची अक्षरं पावसातसुद्धा जात नाहीत.

सकाळी लवकर जाऊन मी टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

'एलिफंट इन द रूम. अर्थ: सर्वांना दिसणारी, पण कोणी बोलत नाही अशी मोठी अडचण. उगम: इंग्रज व्यापाऱ्याचा मेहुणा आठ दिवसांसाठी आला आणि सात महिने राहिला. तो देहानं भरदार असून खोलीची अर्धी जागा त्यानेच व्यापली होती. पाहुणे त्याला वळसा घालून जात. व्यापारी बोलत नसे, कारण त्याला बायकोची भीती होती. बायको बोलत नसे, कारण तिला भावाची माया होती. आणि मेहुणा बोलत नसे, कारण तो झोपलेला असे.'

आमचा छोट्या तसा सडपातळ आहे. पण हत्ती म्हटल्यावर थोडं वजन वाढवावंच लागलं!

मी दोन पावलं मागे सरकून अक्षर न्याहाळत होतो, तोच स्टोअरकीपर आला. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. आजाऱ्याचे घेतात तसे.

"आज?" तो म्हणाला. "आजच्या दिवशी? मालकांच्या समोर त्यांच्या मेहुण्याला हत्ती म्हणालात?"

"मालकांच्या मेहुण्याला? त्यांचा मेहुणा कोण?"

"थट्टा करता काय?"

"अहो, कोण?"

"साहेब! आपले साहेब! मालकीणबाईंचे सख्खे भाऊ! पहिल्याच दिवशी मालकांनी सगळ्यांना जमवून सांगितलं नव्हतं का?"

"पहिल्या दिवशी माझे डोळे आले होते!" मी किंचाळलो.

स्टोअरकीपर मटकन माझ्या नव्या खुर्चीत बसला. "म्हणजे तुम्ही हे धैर्यानं लिहीत नव्हता?"

"मी माझ्या मेहुण्यावर लिहीत होतो हो!"

"अरेरे," तो म्हणाला, आणि आधी खुर्ची ताब्यात घेतली. ती ढकलत तो निघूनही गेला.

मी डस्टर घेऊन फळ्यावर तुटून पडलो. अक्षरं हलेनात! पाणी लावलं. साबण लावला. बिजागऱ्यांचं तेल लावलं, तर हत्ती आणखीच चकाकायला लागला! एवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि जिन्यावर पावलं वाजली. मग मी सुचलं ते केलं. फळ्याला पाठ लावली, दोन्ही हात पसरले आणि हसऱ्या चेहऱ्यानं उभा राहिलो.

मालक आले, मी नमस्कार केला, तोही मान हलवून, कारण हात मोकळे नव्हते. भाषणं झाली, ती मी तिथूनच ऐकली. लोकांनी चहा आणून दिला, टायपिस्ट बाईंनी तो बशीनं पाजला. आणखी अर्धा तास असाच गेला असता तर मी वाचलोच होतो. पण तेवढ्यात बायको आली. मागून बिस्किटांची बशी हातात घेऊन छोट्या.

"अहो, पालीसारखे भिंतीला काय चिकटलात?"

"टेकलोय जरा. पाठ धरलीय."

"सरका बघू. तुमचा तो फळा मला बघायचाय. तीन महिने ऐकतेय नुसती."

"अगं, आज 'उगम अज्ञात' लिहिलंय. बघण्यासारखं काही नाही."

"खरंच? पुस्तकात बघून?" तिचा चेहरा इतका उजळला की मला भडभडून आलं. आणि तिनं कौतुकानं माझा दंड धरून मला बाजूला केलं.

नेमक्या त्याच वेळी गळ्यात मोत्यांचा सर घातलेल्या एक भारदस्त बाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. मालकीणबाई! दोघींचे ओठ एका लयीत हलत होते. दोघी एकदमच शेवटच्या ओळीला पोचल्या. आणि दोघी एकदमच ओरडल्या,

"हे माझ्या भावावर लिहिलंय!"

मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"माफ करा हं," बायको म्हणाली, "पण हे माझ्या भावाबद्दल आहे."

"छे, छे! माझ्या. हे बघा, 'देहानं भरदार' लिहिलंय. माझा भाऊ पाळण्यात मावत नव्हता!"

"पण 'सात महिने' वाचलंत का? माझा भाऊ बरोब्बर सात महिने आमच्याकडे आहे."

"माझा सात वर्षं होता! लिहिणाऱ्यानं आमची लाज राखायला कमी लिहिलंय."

"'झोपलेला असे' हे तरी माझ्याच भावाचं आहे. तो बसल्याबसल्यासुद्धा झोपतो."

"माझा उभ्याउभ्या झोपतो! शाळेत प्रार्थनेला झोपायचा!"

सगळं ऑफिस ऐकत होतं. दोन्ही भाऊ भिंतीशी उभे होते. साहेबांच्या कानाच्या पाळ्या जांभळ्या झाल्या होत्या. छोट्या बिस्किट खात होता.

गर्दी बाजूला झाली आणि मालक पुढे आले. त्यांनी फळा वाचला, सावकाश, चष्मा लावून. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा. हा मेहुणा कोणाचा? तुमचा, की माझा?"

मी बायकोकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्यामागे असं काही होतं की 'माझा' म्हणालो असतो तर त्या संध्याकाळपासून सोफ्यावर मी असतो. मी साहेबांकडे बघितलं. 'तुमचा' म्हणालो असतो तर उद्यापासून स्वच्छतागृहाशेजारची खुर्चीही गेली असती. व्हरांड्याच्या टोकाला ती केबिन होती. आज मुद्दाम तिचं दार उघडं ठेवलं होतं. खिडकीतून ऊन येऊन खुर्चीवर पडलं होतं.

माझ्या घशातून आवाज आला तो मलाच अनोळखी वाटला.

"उगम अज्ञात आहे, मालक."

मालकांच्या मिशीचं एक टोक वर गेल्यासारखं वाटलं.

"बरोबर आहे," छोट्या म्हणाला. सगळ्यांच्या माना वळल्या. त्यानं तोंडातलं बिस्किट संपवलं. "म्हणजे या वाक्प्रचाराचा नक्की उगम कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. हा एकच भाऊजींनी बरोबर सांगितला. बाकीचे, आत्ता चहापाशी लोक सांगत होते ते, सगळे चूक आहेत. डेडलाइन म्हणजे तुरुंगात कैद्यांसाठी आखलेली रेघ. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. बॅक बर्नर म्हणजे..."

"तुला हे सगळं कुठून कळलं?" मी विचारलं.

"ताईनं तुमच्यासाठी पुस्तक आणलं होतं ना? ते मी उशाला घेतो. मध्ये एकदा दुपारी झोप येईना, म्हणून वाचलं. मग वाचतच गेलो."

"किती गुणी मुलगा!" मालकीणबाई पाघळल्या. "काय करतो?"

"नोकरी शोधतोय," बायको म्हणाली, आणि तिनं डोळे पुसले.

"एकदम माझ्या भावासारखाच! त्यालाही सात वर्षं कुणी ओळखलं नाही!" आणि त्या मालकांकडे वळल्या. नुसत्या वळल्या, बोलल्या काही नाहीत. मालकांनी जो सुस्कारा सोडला तो मी ओळखला. तसाच मी रोज संध्याकाळी घराचं दार उघडताना सोडतो. त्या एका क्षणी आम्ही दोघं, मालक आणि नोकर, सख्ख्या भावांसारखे एकमेकांकडे बघत होतो. पण उपयोग काय!

"व्हरांड्याच्या टोकाला एक केबिन रिकामी आहे," मालक म्हणाले.

साहेब धावत पुढे झाले आणि त्यांनी छोट्याचा हात हातात घेतला. मेहुण्याचं दुःख शेवटी मेहुण्यालाच कळतं.

तर छोट्या आता आमचा प्रशासन अधिकारी आहे. ऑफिस आमच्या घरापासून जवळ पडतं, म्हणून त्यानं दुसरीकडे खोली बघायचा विचार सोडून दिला. दिवसभर त्याच्याकडे केबिन असते आणि संध्याकाळी सोफा. मी मात्र दोन्हीकडे दारापाशीच असतो. बायको खूश आहे. रोज संध्याकाळी ती दोघांचे डबे एकदम घासते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "बघा, शेवटी तुमच्या फळ्यामुळेच झालं ना सगळं?"

फळाही छोट्याकडेच गेला. पहिल्या सोमवारी त्यानं पुस्तकातला खराखुरा उगम लिहिला. कोणी थांबलं नाही. दुसऱ्या सोमवारी स्टोअरकीपरनं तोंडावर विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण व्यापाऱ्याचं पुढे काय झालं?" छोट्या विचारात पडला. त्या संध्याकाळी सोफ्यावर पडल्यापडल्या तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मी पंखा वाढवला.

आज सोमवार. सकाळी आलो तर फळ्यासमोर तोबा गर्दी! खालचे कामगार वर आलेले, टायपिस्ट बाई रुमाल तोंडाला लावून हसतायत. मला बघताच सगळ्यांनी वाट करून दिली. मी वाचलं.

'बॅक टू स्क्वेअर वन. अर्थ: पुष्कळ खटाटोप करून पुन्हा होतो तिथेच येणे. उगम: इंग्लंडात एका हुशार तरुणाचे एक भाऊजी होते. ते स्वच्छतागृहाच्या दाराशी बसत...'

पुढचं मी वाचलं नाही. या एका वाक्प्रचाराचा उगम मला पक्का माहीत आहे.